छापील अंक ठेवावा कीं बंद करावा ?

आमच्या मंडळाच्या येत्या वार्षिक सभेपुढें एक प्रश्न येणार आहे. हें मासिक कागदावर छापून टपालानें पाठविण्याऐवजीं केवळ मोबाईलवर पाठवावें, म्हणजे कागद, छपाई व टपाल यांचा खर्च वांचेल, अशी सूचना कांहीं तरुण सभासदांनीं केली आहे. सूचना करणारे आमचेच मुलगे-पुतणे आहेत व त्यांचा हेतु चांगला आहे, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. खर्चाचा हिशेबही त्यांनीं खोटा मांडलेला नाहीं. परंतु ज्या मनुष्याचें आयुष्य महसुलाच्या दफ्तरांत कागद लावण्यांत व काढण्यांत गेलें, त्याला या प्रश्नाकडे केवळ खर्चाच्या बाजूनें पाहतां येत नाहीं. म्हणून सभेपूर्वीं चार गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या, असें आम्हांस वाटलें.

नवीन साधन आलें कीं जुन्या लोकांनीं नाक मुरडावें, ही रीत आजची नव्हे. इ. स. १८३१ मध्यें गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईस मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापून काढिलें. तोंपर्यंत पंचांग हातानें उतरून घेण्याची वहिवाट होती. छापण्याच्या शाईंत चरबी असते, सबब छापील कागद सोंवळ्यांत चालावयाचा नाहीं, असा आक्षेप पुष्कळांनीं घेतला; तेव्हां गणपत कृष्णाजींनीं चरबीऐवजीं तूप घालून शाई केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढील वर्षीं, ६ जानेवारी १८३२ रोजीं, बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' निघालें व मराठी वाचकांस वर्तमानपत्राची ओळख झाली. आक्षेप घेणारांचे नातूच पुढें छापील पंचांग विकत घेऊं लागले. पंचांग बुडालें नाहीं. तें उतरून देणाराचा धंदा मात्र बदलला. आज पाहावें तर १९७३ पासून निघणारें 'कालनिर्णय' भिंतीवरही दिसतें आणि मोबाईलांतही दिसतें. तेव्हां नव्या शाईचा विटाळ मानणारांच्या पंक्तीस आम्हांस बसावयाचें नाहीं.

नवी मुंबईंत राहणारास छपाईचा हा पालट घराजवळच पाहावयास मिळतो. ठाणें-बेलापूर औद्योगिक पट्ट्यांत महापे येथें इंडियन एक्सप्रेस समूहानें 'लोकसत्ता' छापण्याचा कारखाना उभारिला. 'सकाळ' पत्रानें बेलापूर येथें आपली इमारत बांधिली. पूर्वीं छापखाना म्हटला म्हणजे शिशाचे खिळे आणि ते जुळविणारा जुळारी डोळ्यांपुढें येई. एकेक अक्षर खणांतून उचलून ओळ बसवावयाची, मुद्रितें तपासावयाचीं, आणि छापून झालें कीं सारे खिळे पुन्हां आपापल्या खणांत टाकावयाचे. आतां मजकूर संगणकावर जुळतो, पान धातूच्या पातळ पत्र्यावर उतरतें व ऑफसेट यंत्र थोड्या वेळांत हजारों प्रती छापून देतें. तेंच जुळलेलें पान 'ई-पेपर' म्हणून मोबाईलवर धाडावयास निराळी जुळणी करावी लागत नाहीं. नांगरट एकदांच आणि पिकें दोन, असा हा प्रकार आहे.

या दुसऱ्या पिकाची किंमत लोकांस २०२० सालीं कळली. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत साथीमुळें टाळेबंदी झाली आणि एप्रिलांत राज्य सरकारनें वर्तमानपत्रें घरोघर टाकण्यास कांहीं काळ मनाई केली. ज्यांनीं तोंपर्यंत पडद्यावर चार ओळी वाचल्या नव्हत्या, त्यांनीं त्या दिवसांत अख्खें पत्र मोबाईलवर वाचलें. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांतून वर्तमानपत्र त्या वेळीं जें बंद झालें, तें पुन्हां चालू झालेंच नाहीं.

पुस्तकांच्या धंद्यांतही असाच पालट झाला आहे. ऑफसेट छपाईंत पत्रा तयार करण्याचा खर्च हजार प्रतींवर वांटला तरच परवडतो. म्हणून प्रकाशकास हजार प्रती एकदम छापून गुदामांत ठेवाव्या लागत, आणि विक्री न झाल्यास त्यांवर वाळवी पोसावी लागे. संगणकावरून थेट छापणाऱ्या नव्या यंत्रास पत्रा लागत नाहीं, त्यामुळें मागणी आली म्हणजे एकच प्रतही छापतां येते. महापे येथें छपाईचा कारखाना चालविलेल्या रेप्रो या कंपनीनें या व्यवसायांत पाऊल टाकिलें. ज्या पुस्तकाचीं गिऱ्हाइकें थोडीं व विखुरलेलीं, त्यास ही सोय मोठी आहे. खारजमिनींतील भातशेतीवर कोणीं पुस्तक लिहिलें, तर त्याचे वाचक पनवेल, पेण, अलिबाग येथील निवडक शेतकरीच असावयाचे. असलीं पुस्तकें आतां दहा-वीस प्रतींसाठींही छापतां येतील.

शेतकऱ्याचा या नव्या साधनानें फायदा झाला आहे, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. वाशीच्या बाजार समितींतील कांद्याचा भाव पूर्वीं आम्ही दुसऱ्या दिवशींच्या पत्रांत वाचीत असूं. तो वाचून माल भरावा, तोंपर्यंत भाव उतरलेला असे. आतां राज्य कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर भाव पाहतां येतात व आडत्याकडून मोबाईलवर चौकशी करून मगच गाडी भरतां येते. कृषि विभागाचें 'शेतकरी' मासिक १९६५ पासून निघत आलें. त्याचे अंक आतां पडद्यावरही मिळतात. सकाळ समूहानें २००५ सालीं केवळ शेतीस वाहिलेलें 'ॲग्रोवन' हें दैनिक काढिलें. तें कागदावर निघतें व त्याचा मजकूर मोबाईलवरही येतो. वाई येथें सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. त्याचे वीसही खंड आज कोणासही घरबसल्या विनामूल्य वाचतां येतात. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें आणि तिच्याच 'किशोर' मासिकाचे जुने अंक यांचीही तशीच सोय झाली आहे. ज्या खेड्यांत ग्रंथालय नाहीं, तेथील मुलास हें केवढें भांडार उघडें झालें !

येथवर तरुण सभासद व आम्ही एकमतानें चालतों. यापुढें मात्र वाट वेगळी होते.

ज्या भातखाचरांवर व मिठागरांवर नवी मुंबई वसली, त्या ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या लोकांस छापील नोटिशीचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली तेव्हां १८९४ चा भूसंपादन कायदा अंमलांत होता. जमीन घेण्याची अधिसूचना राजपत्रांत छापावी व त्या गांवीं सोयीच्या ठिकाणीं जाहीर करावी, इतकेंच त्यांत सांगितलें होतें. दोन दैनिकांत, त्यांतही एका देशी भाषेच्या पत्रांत, ती छापण्याची सक्ति १९८४ च्या दुरुस्तीनें आली. राजपत्र कांहीं शेतकऱ्याच्या ओसरीवर येत नसे. पुढें २०१३ सालीं नवा कायदा झाला व १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. त्यांत राजपत्र, दोन दैनिकें, ग्रामपंचायत व तहसील कचेरी यांच्या जोडीस सरकारी संकेतस्थळही घातलें आहे. म्हणजे कायदा करणारांनीं कागद व पडदा यांस एकमेकांचे शत्रु न मानतां दोघांसही कामास जुंपिलें आहे. दोहोंची गरज कशी पडते, तें आमच्या डोळ्यांसमोर घडलेल्या एका गोष्टीवरून सांगतों.

आमच्या परिचयाचे एक शेतकरी पनवेल तालुक्यांत राहतात. त्यांच्या गांवावरून महामार्ग रुंद व्हावयाचा होता. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्याखालीं जमीन घेण्याचा इरादा केंद्र सरकारच्या राजपत्रांत प्रसिद्ध होतो, आणि त्या प्रसिद्धीच्या तारखेपासून एकवीस दिवसांत हरकत द्यावी लागते. केंद्राचें राजपत्र १ ऑक्टोबर २०१५ पासून कागदावर छापणें बंद झालें असून तें केवळ संकेतस्थळावर निघतें. त्याचा सारांश मात्र दोन स्थानिक पत्रांत छापावा लागतो. या गृहस्थांच्या घरीं मुलानें वर्तमानपत्र बंद करविलें होतें. बातम्या मोबाईलवर येतातच, मग पैसे कां घालवा, हा विचार. बातम्या येत होत्या हें खरें; परंतु नोटिशी येत नव्हत्या. मोबाईल मनुष्यास जें आवडतें तें पुढें करितो, आणि भूसंपादनाची नोटीस वाचणें कोणास आवडतें ?

एके दिवशीं ते पनवेलीस दाढी करावयास गेले असतां न्हाव्याच्या दुकानांत पडलेलें शिळें पत्र त्यांनीं चाळलें. त्यांत आपल्या गांवाचें नांव पाहून ते तें पत्र मागून घेऊन तडक आमच्याकडे आले. तो सतरावा दिवस होता. नोटिशींत गट नंबर होता, परंतु घडीवर अक्षर उडाल्यामुळें क्षेत्र नीट लागत नव्हतें. आमच्या पुतणीनें मोबाईलवर राजपत्राचें संकेतस्थळ उघडिलें व अर्ध्या तासांत मूळ अधिसूचना काढून दिली. तींत त्यांच्या गटाचें क्षेत्र सातबाऱ्याहून अधिक धरलेलें स्पष्ट दिसलें. त्याच रात्रीं आम्हीं अर्ज लिहिला, आणि एकोणिसाव्या दिवशीं तो कचेरींत दाखल होऊन पोंच मिळाली. पुढें काय झालें तो येथील विषय नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, जमिनीवर संकट आहे ही खबर कागदानें दिली व त्या संकटाचें खरें स्वरूप पडद्यानें दाखविलें. दोहोंपैकीं एक जरी नसतें, तरी एकवीस दिवस निघून गेले असते.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. शेजारच्या गांवांतील एका बागाईतदारानें मोबाईलवर आलेला मजकूर वाचून वांग्यावर फवारणी केली. दहा लिटर पाण्यास घ्यावयाचें औषधाचें प्रमाण त्या मजकुरांत एका लिटरास म्हणून पडलें होतें. तीन दिवसांत पानें करपलीं व फुलें गळालीं. जाब विचारावा तर मजकुराखालीं नांव नाहीं, गांव नाहीं, तारीख नाहीं. ज्यानें पाठविला त्यास दुसऱ्यानें पाठविला होता आणि दुसऱ्यास तिसऱ्यानें. छापील कागदावर मात्र मुद्रकाचें नांव व ठिकाण असलेंच पाहिजे, असा १८६७ चा कायदा होता. नियतकालिकांपुरता त्याच्या जागीं २०२३ चा नवा कायदा आला व १ मार्च २०२४ पासून अंमलांत आला. प्रकाशकानें मॅजिस्ट्रेटापुढें जाऊन करावयाचें प्रतिज्ञापत्र गेलें व सारी नोंदणी आतां संगणकावरून होते. परंतु प्रकाशकाची जबाबदारी गेलेली नाहीं. या मासिकांतही चुका होतात. पण चूक झाली म्हणजे पुढील अंकांत शुद्धिपत्र छापतात, आणि ज्यांच्या घरीं चूक गेली त्यांच्याच घरीं शुद्धिपत्रही जातें. वाऱ्यावर सोडलेल्या मजकुराच्या मागें शुद्धिपत्र कसें धाडावें ?

हा दोष पडद्याचा नव्हे, हेंही कबूल केलें पाहिजे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा संगणकावर मिळूं लागला. तो कागदावर नसूनही त्यास मान आहे, कारण त्याखालीं सही आहे. जबाबदारी कागदांत नसते, सहींत असते. आमचे पहिले वरिष्ठ सांगत कीं, ज्यावर सही नाहीं व तारीख नाहीं तो कागद फायलीस लावूं नये. तोच नियम मोबाईलास लावावा.

तिसरी गोष्ट टिकण्याची. आम्ही नोकरीस लागलों तेव्हां दफ्तरखान्यांत मोडी लिपींतील रुमालांचे गठ्ठे होते. कागद उत्तम, शाई काळीभोर; परंतु वाचणारा सेवानिवृत्त झाला आणि दफ्तर मुकें झालें. संगणकाच्या युगांतही हेंच घडलें आहे. १९९० च्या सुमारास मराठी छपाई संगणकावर आली तेव्हां अक्षरें तयार करणाऱ्या प्रत्येक कंपनीनें अक्षरांस आपापले क्रमांक दिले. गांवोगांवच्या तलाठ्यांनीं एकाच जमिनीस मनास येईल तो सर्वे नंबर द्यावा, तशी ती स्थिति होती. एका ठिकाणीं जुळविलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला कीं अक्षरांच्या जागीं भलतींच चिन्हें दिसत. पुढें युनिकोड नांवाची सर्वमान्य क्रमवारी रूढ झाली व प्रत्येक अक्षरास सर्व जगांत एकच क्रमांक मिळाला. २०१४ सालीं मोडी लिपीसही तींत जागा मिळाली. पण मधल्या काळांत जुन्या अक्षरांत जुळविलेलीं पुस्तकें व मासिकें पालटून घेतल्यावांचून आजच्या संगणकावर नीट वाचतां येत नाहींत व शोधतांही येत नाहींत. त्यांच्या छापील प्रती मात्र कोणाही साक्षरास वाचतां येतात.

तथापि कागदासही अमरत्व नाहीं. २६ जुलै २००५ च्या महापुरांत आमच्या घरीं जपून ठेवलेल्या या मासिकाच्या जुन्या अंकांचा लगदा झाला. 'पनवेल' जातींच्या खारभातावरील एक लेख आम्हांस पुन्हां हवा होता. तो आजतागायत सांपडलेला नाहीं. ते अंक त्या वेळीं संगणकावर उतरून ठेविलेले असते, तर ही हानि टळली असती. १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कलकत्त्याचें राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य ठराविक सार्वजनिक ग्रंथालयें यांस द्यावी लागते. तो कायदा छापील ग्रंथांसाठीं आहे. पडद्यावरच्या अंकाची काळजी ज्याची त्यानेंच घ्यावयाची. संकेतस्थळाचें भाडें एक वर्ष भरावयाचें राहिलें, तर सारें दफ्तर एका रात्रींत नाहींसें होतें.

आतां खर्चाविषयीं. छापील मासिक चालविणें दिवसेंदिवस महाग होत आहे, यांत संशय नाहीं. पुस्तकें सवलतीच्या दरानें नोंदणीनें पाठविण्याची टपाल खात्याची सोय डिसेंबर २०२४ मध्यें बंद झाली व लहान प्रकाशकांस त्याचा चटका बसला. सभेनें खर्च कमी करण्याचा विचार अवश्य करावा. परंतु कोणाचा खर्च कमी होतो व तो कोणाच्या माथीं बसतो, हेंही पाहावें. छापील अंक घरांत येतो तेव्हां तो ओसरीवर पडलेला असतो. आजोबा वाचतात, सून वाचते, शाळेंतील मुलगा चित्रें पाहतां पाहतां एखादी ओळ वाचतो. मोबाईलवर आलेला अंक मात्र ज्याच्या खिशांत मोबाईल, त्याचाच. आमच्या सभासदांत सातबाऱ्यावर स्वतःचें नांव असलेल्या कित्येक विधवा भगिनी आहेत. शेत त्यांचें, राबणूक त्यांची. मोबाईल मात्र मुलाचा. अंक बंद केल्यास मंडळाच्या वहींत बचत दिसेल, आणि या भगिनींच्या घरीं वाचन थांबेल. तें नुकसान कोणत्याही जमाखर्चांत दिसावयाचें नाहीं.

यासाठीं सभेपुढें आम्ही पुढील सूचना ठेवीत आहों. पहिली, बाजारभाव, हवामान, बियाण्यांची उपलब्धता व सभांच्या तारखा मोबाईलवरच कळवाव्या. भाजीपाल्याप्रमाणें हा माल नाशवंत आहे. तो महिनाभर थांबवून छापण्यांत अर्थ नाहीं. दुसरी, लागवडीचे लेख, औषधांचीं प्रमाणें व कायद्यांची माहिती हें बियाण्यासारखें जपून ठेवण्याजोगें आहे. तें छापील अंकांत द्यावें. पानें कमी झालीं तरी चालतील. तिसरी, मंडळाकडून मोबाईलवर जाणाऱ्या प्रत्येक मजकुराखालीं लिहिणाराचें नांव, तारीख व अनुक्रमांक असावा, आणि चूक झाल्यास दुरुस्ती त्याच सर्व लोकांस पाठवावी. चौथी, सभासदांकडील जुने अंक गोळा करून त्यांचीं पानें संगणकावर उतरावीं, सूची युनिकोडांत करावी, एक नक्कल मंडळाच्या कचेरीबाहेर ठेवावी व बांधीव छापील संच तालुक्याच्या ग्रंथालयास द्यावा. सूची करण्याचें काम आम्ही स्वतः विनावेतन करूं. यादी करण्यांतच आमचा जन्म गेला आहे. पांचवी, कोणत्याही सभासदाचा छापील अंक त्यास विचारल्यावांचून बंद करूं नये. ज्यास पडद्यावर पुरेसा वाटतो त्यानें तसें लिहून द्यावें. त्याच्या वांटणीचा कागद व टपाल वांचेलच.

हा लेख छापील अंकांत येत आहे, म्हणून तो ज्यांनीं वाचावा असें आम्हांस वाटतें त्या तरुणांच्या हातीं कदाचित् पडणार नाहीं. तरी वडील सभासदांनीं तो घरांतील मुलांस वाचून दाखवावा. मुलांनीं त्याचें छायाचित्र काढून आपल्या मित्रांस धाडावें. धाडतांना खालील नांव व महिना मात्र कापूं नये, एवढीच विनंती. आणि सभेस सर्वांनीं यावें. हात वर करून दिलेलें मत इतिवृत्तांत लिहिलें जातें. घरीं बसून केलेली कुरकुर कोठेंही लिहिली जात नाहीं.